छायाचित्रात न आलेले दुखणे

क्ष-किरणांनी काढलेल्या चित्राला आपल्याकडे कोणी क्ष-किरण-चित्र म्हणत नाही. 'छातीचा फोटो काढला', 'पायाचा फोटो काढायला सांगितलाय', असेच आपण बोलतो. हा शब्द कुणा भाषापंडिताने घडवलेला नाही, पण आपला सगळा विश्वास त्यात उतरला आहे. फोटो म्हणजे पुरावा. फोटोत दिसले तर आहे, न दिसले तर नाही. मोठाल्या पाकिटांतल्या त्या काळ्या फिल्मा घरोघरी कपाटावर, नाहीतर गादीखाली वर्षानुवर्षे जपलेल्या असतात. हाड जुळून दहा वर्षे लोटली तरी त्या टाकून द्यायचा धीर होत नाही.

तेव्हा घरातला विशीतला मुलगा एकाएकी रात्र रात्र जागू लागला, दार लावून स्वतःशीच बोलू लागला, किंवा कालपर्यंत सगळ्या घराचे करणारी बाई सकाळी अंथरुणातून उठेनाशी झाली, की काय होते ते आपण पाहतोच. चार दिवस देवधर्मात जातात, चार दिवस टॉनिकांत. मग एखादा जाणता नातेवाईक विचारतो, 'डोक्याचा फोटो काढला का?' एमआरआय होतो. काही हजार रुपये जातात. रिपोर्ट येतो आणि त्याच्या तळाशी एक ओळ असते की मेंदूत लक्षणीय असा कोणताही दोष आढळला नाही.

या एका ओळीचे एकाच घरात तीन अर्थ लागतात. आई देवापुढे साखर ठेवते, कारण गाठबीठ काही नाही. वडील, काका, दीर यांच्यापैकी कुणीतरी म्हणतो, 'बघा, काहीसुद्धा झालेले नाही. नाटके आहेत सगळी.' आणि ज्याच्या डोक्याचा फोटो काढला तो गप्प बसून हे ऐकतो. आता आपल्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही, हा त्याने लावलेला तिसरा अर्थ. पुढची औषधे बंद पडण्याची सुरुवात पुष्कळदा इथे होते.

मनोविकारांचा माग मेंदूच्या चित्रांतून काढण्याचे काम गेली पन्नास वर्षे जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळांत चालू आहे. त्या कामाबद्दल मला आदर आहे. परंतु त्यातून खरोखर जे हाती आले आणि हाती आले असे आपण जे समजून चाललो आहोत, त्यांत मोठी तफावत आहे. आणि त्या तफावतीची भरपाई शास्त्रज्ञ करत नाहीत, यंत्र बनवणाऱ्या कंपन्याही करत नाहीत. ती रुग्णाच्या खात्यातून वळती होते. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांवर सोडून चालणार नाही असे मला वाटते.

मनाचे दुखणे डोळ्यांनी पाहण्याची हौस काही आजची नाही. येना येथील हान्स बेर्गर हे मनोविकारतज्ज्ञ होते. तरुणपणी लष्करी सरावात घोड्यावरून पडून ते मरता मरता वाचले, आणि नेमक्या त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला काहीतरी अशुभ जाणवून घरून तार आली. मनातून मनाकडे काही शक्ती जाते की काय, या ध्यासापायी त्यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतली विद्युतस्पंदने प्रथम टिपली. ती शक्ती काही सापडली नाही, पण आज फेपऱ्याच्या प्रत्येक रुग्णाचा काढला जाणारा ईईजी आलेख आपल्याला मिळाला. (कादंबरीकाराने असे कथानक रचले असते तर संपादकांनी योगायोग फार झाला म्हणून साभार परत केले असते.) त्याआधी, १९१९ साली, अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी पाठीच्या कण्यातून द्रव काढून तिथे हवा भरायची आणि मग डोक्याचा फोटो घ्यायचा, अशी युक्ती काढली होती. हवा मेंदूच्या पोकळ्यांत चढे आणि त्या फोटोत दिसत. रुग्णाचे डोके नंतर कित्येक तास, कधी कित्येक दिवस फुटायची पाळी येई. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची चित्रे घेतली. आणि याच गृहस्थांनी १९३५ साली मनोरुग्णांच्या मेंदूचे पुढचे तंतू कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यासाठी त्यांना १९४९ चे नोबेल मिळाले. ती शस्त्रक्रिया झालेल्या हजारो माणसांचे पुढे काय झाले हे वाचवत नाही.

खरी कलाटणी मिळाली ती सीटी स्कॅनमुळे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ईएमआय कंपनीत अभियंता होते. ही ग्रामोफोनच्या तबकड्यांची कंपनी. आपल्या आजोबांच्या घरी नाट्यगीतांच्या ज्या तबकड्यांवर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा असे, ती याच घराण्यातली. त्यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. हवा भरणे नाही, सुई नाही. पाच वर्षांनी, १९७६ साली, लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क येथील ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा निबंध छापला. वर्षानुवर्षे रुग्णालयात असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या सतरा रुग्णांच्या मेंदूतल्या, द्रवाने भरलेल्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा मोठ्या आढळल्या होत्या.

सतरा माणसे! आजच्या हिशेबाने ही संख्या काहीच नाही. तरीही या निबंधाचे मोल समजायचे तर त्याआधी काय चालले होते ते माहीत हवे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्याला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, तो आईमुळे होतो असे तेव्हा पाश्चात्त्य देशांतली मोठमोठी शहाणी माणसे मानत. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी 'हा आजार निर्माण करणारी आई' अशा अर्थाचा एक शब्दच रूढ केला. आई फार थंड, फार हुकमी, एका तोंडाने दोन गोष्टी बोलणारी, म्हणून मुलाचे मन दुभंगले, हे त्यामागचे तर्कशास्त्र. एक तर पोटच्या पोराची ही अवस्था, आणि वर डॉक्टरच तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करणार. त्या पिंजऱ्यातून तिला बाहेर काढण्यात मेंदूच्या या चित्रांचा वाटा मोठा आहे. त्यांनी आणखी काही केले नसते तरी एवढ्यासाठी त्यांचे ऋण मान्य करावे लागले असते.

पुढे एमआरआय आला. पाण्यातल्या हायड्रोजनला चुंबकाच्या तालावर नाचवून चित्र काढणारे हे यंत्र. १९९० साली जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी दाखवले की रक्तातल्या प्राणवायूच्या चढउतारावरून मेंदूचा कोणता भाग कामात आहे हेही त्याच यंत्राने ताडता येते. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षांनी येणारे दशक 'मेंदूचे दशक' म्हणून जाहीर केले. तेव्हापासून ती लाल-पिवळ्या ठिपक्यांची चित्रे वर्तमानपत्रांत यायला लागली. प्रेमात पडलेला मेंदू, घाबरलेला मेंदू, निराश मेंदू.

इथे थोडे थांबायला हवे, कारण गैरसमजाचे मूळ इथे आहे. ते लाल-पिवळे ठिपके मेंदूत नसतात. तो फोटो नव्हेच. ती आकडेमोड असते आणि तिला नंतर रंग दिलेला असतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की पाचसहा सेकंदांनी तिथला रक्तपुरवठा वाढतो, आणि यंत्र मोजते ते या रक्तातला प्राणवायू. विचार मोजत नाही. हे म्हणजे चहावाल्याच्या बिलावरून बँकेच्या शाखेतली उलाढाल ताडण्यासारखे झाले. गर्दीच्या दिवशी चहा जास्त जातो हे खरे. पण तो थोडा उशिरा येतो, आणि चहा कुणी प्याला, ठेवी ठेवायला आलेल्याने की कर्ज बुडवणाऱ्याने, हे बिलावर लिहिलेले नसते. शिवाय यंत्राच्या एकेका टिंबात काही लाख पेशी मावतात. एक गाव एक दिवा, असा हा मामला.

आणि अशी टिंबे हजारोंनी असतात. हजारो जागी पाहिले तर कुठेतरी योगायोगाने फरक दिसणारच. हा धोका आपल्याच व्यवसायबंधूंच्या डोळ्यांत अंजन घालून दाखवण्यासाठी अमेरिकेतल्या क्रेग बेनेट या संशोधकाने २००९ साली एक सामन मासा यंत्रात ठेवला. बाजारातून आणलेला, मेलेला. त्याला माणसांचे फोटो दाखवून विचारले की या माणसांच्या मनात कोणती भावना आहे? योग्य ती सांख्यिकी खबरदारी मुद्दाम घेतली नाही, आणि मृत माशाचा मेंदू एका ठिकाणी 'विचार करताना' दिसला. या प्रयोगाला २०१२ साली गमतीचे नोबेल, म्हणजे इग नोबेल, मिळाले. पण त्यातला चिमटा गमतीचा नव्हता. २०२० साली तर एकाच प्रयोगाची तीच आकडेवारी सत्तर वेगवेगळ्या चमूंना देऊन नऊ प्रश्न विचारले गेले. एकाही चमूची पद्धत दुसऱ्याशी तंतोतंत जुळली नाही आणि कित्येक प्रश्नांवर निष्कर्षही जुळले नाहीत. एकाच शाखेचा एकाच वर्षाचा ताळेबंद सत्तर हिशेबनिसांनी तपासावा आणि नफा की तोटा यावरच एकमत होऊ नये, असा प्रकार.

तरीही सगळा दोष पद्धतीतल्या ढिलाईचा असता तर ती सुधारून भागले असते. आणि संशोधकांनी ती सुधारलीही. आपल्याच चुका अशा चव्हाट्यावर मांडणारी जमात विरळाच. अडचण याहून खोल आहे. ती सरासरीची आहे.

ज्याने उमेदीची वर्षे कर्जाच्या फायली पाहण्यात घालवली त्याला ती चटकन कळते. समजा, एका तालुक्यातली थकबाकी शेजारच्या तालुक्यापेक्षा सव्वा टक्क्याने जास्त आहे. आकडा अगदी बिनचूक, दोन्हीकडची हजारो खाती तपासून काढलेला. मुख्य कचेरीच्या दृष्टीने तो कामाचाही आहे. पण टेबलासमोर टोपी हातात धरून बसलेला माणूस कर्ज फेडील की बुडवील, हे त्या आकड्यावरून सांगणारा शाखाधिकारी निव्वळ मूर्ख ठरेल. दोन्ही तालुक्यांत फेडणारे आणि बुडवणारे एकमेकांत मिसळलेले असतात.

मेंदूच्या चित्रांचे नेमके हेच झाले आहे. जगभरच्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन नैराश्याच्या १,७२८ रुग्णांचे आणि ७,१९९ निरोगी व्यक्तींचे मेंदू मोजले. २०१६ साली तो निष्कर्ष छापून आला. स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग रुग्णांत लहान निघाला. किती लहान? सरासरीने सव्वा टक्का. स्किझोफ्रेनियात फरक याहून ठळक असतो, पण तिथेही रुग्ण आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत पुष्कळ मिसळतात. २०२२ साली जर्मनीत सुमारे अठराशे जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्याचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांची निरनिराळ्या तऱ्हेची मेंदूचित्रे समोरासमोर ठेवली, तेव्हा दोन्ही गटांतले साम्य ८७ ते ९५ टक्के भरले. केवळ चित्र पाहून रुग्ण कोणता हे ओळखण्यात यश आले ५४ ते ५६ टक्के. रुपया उडवून छापा-काटा केला तर पन्नास टक्के येतेच. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये जवळजवळ पन्नास हजार माणसांच्या आधारे दाखवण्यात आले की मेंदूची रचना आणि मानसिक गुण यांचे नाते विश्वासाने सांगायचे तर हजारोंनी माणसे तपासावी लागतात. तोवरच्या नेहमीच्या अभ्यासांत ती पंचवीसच्या आसपास असत.

तेव्हा सरळ शब्दांत सांगायचे तर आजमितीस नैराश्य, स्किझोफ्रेनिया, उन्माद-विषादाचा आजार किंवा मंत्रचळ यांपैकी कशाचेही निदान एखाद्या माणसाच्या मेंदूचा फोटो काढून करता येत नाही. आणि जे निदान फोटोवरून करताच येत नाही, ते फोटोवरून खोडूनही काढता येत नाही. रिपोर्टच्या तळाशी असलेल्या त्या ओळीचा अर्थ इतकाच असतो की गाठ, रक्तस्राव, सूज असे काही सापडले नाही. 'काही झालेले नाही' असे रेडिऑलॉजिस्टने कुठेही लिहिलेले नसते. ते घरातली माणसे लिहितात.

म्हणून फोटो काढूच नये असे कुणी समजू नये. डॉक्टरांनी सांगितला तर जरूर काढावा. वागणे एकाएकी बदलण्यामागे मेंदूतली गाठ असू शकते, उतारवयात स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. २००७ साली स्पॅनिश डॉक्टर जोसेप दालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आजार ओळखून दाखवला. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते आणि तरण्याताठ्या मुली वेड लागल्यासारख्या वागू लागतात. वेळेवर कळले तर त्यांतल्या पुष्कळ बऱ्या होतात. पण गंमत पाहा, तिथेही एमआरआय पुष्कळदा साधाच येतो. निदान होते ते रक्तातल्या आणि पाठीच्या द्रवातल्या प्रतिपिंडांवरून.

या संशोधनातून मिळालेल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात, आणि नेमक्या त्या दोन्ही आपल्याकडे फारशा पोचलेल्या नाहीत. पहिली १९९३ सालची. लंडनच्या फिलिप मग्वायर आणि सहकाऱ्यांनी कानात आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांचे मेंदू, तो आवाज येत असताना आणि नसताना, असे पाहिले. आवाज येत असताना मेंदूचा बोलणे घडवणारा भाग जास्त कामात आढळला. म्हणजे रुग्णाचेच आतले बोलणे त्याला परक्याचे म्हणून ऐकू येत असावे. 'अरे, कुणी बोलत नाहीये, तुला भास होतो, लक्ष देऊ नकोस', असे आपण त्याला दटावतो. त्याला मात्र खरोखर ऐकू येत असते. हे एकदा ध्यानात आले की दटावणाऱ्याचा सूर तरी बदलेल.

दुसरी गोष्ट १९९२ सालची, लॉस एंजलिसची. लुईस बॅक्स्टर यांनी मंत्रचळाच्या रुग्णांचे दोन गट केले. पुनःपुन्हा हात धुणे, कडी लागली का ते वीस वेळा पाहणे, हा तो आजार. एका गटाला औषध दिले. दुसऱ्याला औषध न देता केवळ वर्तनोपचार दिले, म्हणजे हात न धुता अस्वस्थता सोसण्याचा सराव करवून घेतला. जे सुधारले त्यांच्या मेंदूतल्या एकाच भागाचा अतिरिक्त खटाटोप कमी झाला, मग ते औषधाने सुधारलेले असोत की सरावाने. समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा, त्याला कशाला पैसे द्यायचे, असे म्हणणाऱ्यांनी ही चित्रे अवश्य पाहावीत. बोलण्याने मेंदू बदलतो.

चित्राचा दबदबा कोर्टातही चालतो. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ साली गोळी झाडणाऱ्या जॉन हिंक्लीच्या खटल्यात बचाव पक्षाने त्याच्या मेंदूचे सीटी स्कॅन ज्यूरीला दाखवले. १९८२ साली तो वेडसरपणाच्या कारणाने निर्दोष ठरला. ज्यूरीचे मत कशाने बनले हे कुणी सांगू शकणार नाही, पण वकिलांना ते चित्र दाखवावेसे वाटले, यातच सर्व आले. आपल्याकडे २००८ साली पुण्यातल्या एका खून खटल्यात दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युत आलेखावर आधारलेल्या एका चाचणीचाही आधार घेतला गेला आणि जगभरच्या तज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात संमतीवाचून अशा चाचण्या करण्यास मनाई केली, ते बरे झाले.

पण खटले थोडे, रजेचे अर्ज फार. बँकेत असताना माझ्या टेबलावरून अक्षरशः शेकड्यांनी वैद्यकीय रजेचे अर्ज गेले. एका शाखेत आमचा शिपाई पाय मोडून घेऊन बसला. महिन्याभराने कुबडी घेऊन आला, तेव्हा फोटोचे पाकीट बरोबर होते. साऱ्या स्टाफने ती फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिली, हाड कुठे तडकले यावर चर्चा झाली, कुणीतरी चहा मागवला. त्याच वर्षी आमचा एक कॅशियर दीड महिना रजेवर होता. नोटा मोजताना त्याचा हात कधी चुकला नव्हता. अर्जावर 'कावीळ' लिहिलेले होते आणि सोबत रीतसर दाखला. तो परत आल्यावर सगळ्यांनी त्याला उसाचा रस प्यायला सांगितले. कावीळ नव्हती, तीव्र नैराश्य होते, हे त्याच्या पत्नीने कित्येक वर्षांनी, तो निवृत्त झाल्यानंतर आमच्या घरी सांगितले. खरा आजार लिहिला असता तर पुन्हा कॅशवर बसवतील की नाही, याची त्याला धास्ती होती. ती अनाठायी होती असे मला म्हणवत नाही. दाखवायला त्याच्याजवळ फिल्म नव्हती, म्हणून त्याने जिचे डोळे पिवळे दिसतात अशी कावीळ उसनी घेतली.

कुणी म्हणेल, म्हणूनच तर फोटो हवा! उद्या यंत्र सुधारेल, नैराश्यही फोटोत दिसेल, मग कुणी नाटक म्हणणार नाही. मला याची खात्री वाटत नाही. मनोविकार हा मेंदूचा किंवा जनुकांचा बिघाड आहे असे लोकांना सांगितले तर त्यांच्या वृत्तीत काय फरक पडतो, यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि २०१३ साली त्यांचा एकत्रित आढावाही घेतला गेला. लोक रुग्णाला दोष देणे कमी करतात, हे खरे निघाले. पण त्याबरोबर हा आता बरा व्हायचा नाही, असेही ते मानू लागतात. 'नाटक करतो' जाऊन 'मेंदूच बिघडलाय' येते. लग्नाच्या बाजारात आणि नोकरीच्या ठिकाणी यातले दुसरे वाक्य अधिक महाग पडते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

थॉमस इन्सेल हे २००२ ते २०१५ अशी तेरा वर्षे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे प्रमुख होते. मेंदू आणि जनुके यांच्या संशोधनामागे सारी ताकद लावणारे गृहस्थ. पद सोडल्यानंतर, २०१७ साली, त्यांनी मोकळेपणाने सांगितले की आपल्या कारकिर्दीत सुमारे वीस अब्ज डॉलर खर्च झाले, उत्तमोत्तम शोधनिबंध निघाले, पण त्याने आत्महत्या कमी झाल्या नाहीत, रुग्णालयात भरती होणारे कमी झाले नाहीत. २०२२ साली त्यांनी पुस्तक लिहिले. त्यात बरे होण्यासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी ते आग्रहाने सांगतात: सोबतीला माणसे, राहायला धड जागा आणि जगण्याला काही हेतू. आमच्या आजीला हे वीस अब्ज खर्च न करताही ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो टाळलेला बरा. कारण त्याच आजीने वेड्या दिराला माडीवर कोंडून ठेवल्याचेही ठाऊक असते.

आपल्याकडची स्थिती काय? बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत (त्यांत महाराष्ट्र नव्हता) पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. यांच्यापर्यंत एमआरआय पोचला नाही हे त्यांचे दुःख नव्हे. त्यांच्यापर्यंत साधा डॉक्टर आणि महिनाभराच्या गोळ्या पोचल्या नव्हत्या.

नवल असे की आपले कायदे या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे निघाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले, आणि त्याचे प्रमाण ठरवायला आपल्याकडे जे माप वापरतात त्यात मेंदूचा फोटो मागितलेला नाही. त्यात चार गोष्टी पाहतात: माणूस स्वतःची निगा राखतो का, इतरांशी संबंध ठेवू शकतो का, त्याला सांगितलेले समजते आणि आपले सांगता येते का, काम करू शकतो का. शिवाय आजार किती वर्षांचा आहे ते. हे सगळे विचारून, ऐकून, घरच्यांशी बोलून कळते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांनाही शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजाराला विमा देण्यास बांधले आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना फिल्मांच्या पाकिटासोबत एक शंभर पानी वही नेली तर ती अधिक उपयोगी पडते. रोज किती तास झोपला, काय जेवला, गोळी घेतली की थुंकली, कोणत्या दिवशी हसला, एवढेच तारीखवार लिहायचे. डॉक्टर ती वही मन लावून वाचतात.

धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. सरासरी म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. घरातच या आजाराशी वर्षानुवर्षे गाठ पडलेल्या या माणसाने पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. २००४ साली आलेल्या, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' चित्रपटामागेही त्यांचाच ध्यास होता. संस्थेने शुभार्थी आणि शुभंकर असे दोन सुंदर शब्द मराठीत रुळवले: आजारी तो शुभार्थी, त्याला सांभाळणारा तो शुभंकर.

अशा शुभंकरांना भेटले की मेंदूतल्या कोणत्या भागात काय बिघडले, हा प्रश्न मागे पडतो. सत्तरीतले आईबाप निवृत्त बँकवाला म्हणून मला एकच विचारतात, 'आमच्या माघारी याचे कसे?' खाते कुणाच्या नावे ठेवायचे, वारस म्हणून याला लावले तर सही कोण करणार? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना कायदेशीर पालक नेमून मिळतो. मानसिक आजार त्या यादीत नाही. २०१७ च्या कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय आहे, पण ती उपचारांपुरती; पासबुकाला तिचा उपयोग नाही. मालमत्तेसाठी न्यास करा, वकील गाठा, एवढे मी सांगतो. ते पाठीमागच्या कोऱ्या कागदावर लिहून घेतात आणि वकिलाची फी साधारण किती पडेल ते विचारतात.